गाडी उभी राहता कामा नये!

हॉस्टेलवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांचा पिकअपशी संबंध वर्षातून दोन-तीन वेळाच येतो. मेसचा भाजीपाला उतरतो तेव्हा, गणपतीची मूर्ती आणायची असते तेव्हा, आणि शेवटच्या वर्षी गाद्या-बादल्या घेऊन खोली रिकामी करायची असते तेव्हा. बाकी आपल्या गप्पा बाईकच्या आणि मोटारींच्या. कुठल्या बाईकचा 'पिकअप' किती, यावर आपण रात्री दोन वाजेपर्यंत भांडू शकतो. पण ज्या गाडीचं नावच पिकअप, तिच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

खरं सांगायचं तर मीही काढलं नसतं. पण मागच्या सेमिस्टरला 'क्वालिटी' शिकवताना सरांनी एक काम दिलं. एक वस्तू निवडायची, ती वापरणाऱ्या माणसांना भेटायचं, ती माणसं समाधानी आहेत का ते विचारायचं, आणि नसतील तर का नाहीत ते शोधायचं. कोणी मोबाईल घेतला, कोणी मिक्सर, एकाने तर मेसची चपाती घेतली! मी पिकअप घेतली. कारण या बाबतीत माझ्या हातून एक गुन्हा घडलेला होता. तो आधी कबूल करतो.

माझा गुन्हा

माझे मामा कोपरगाव तालुक्यातले. थोडी शेती आणि एक पिकअप, एवढा त्यांचा संसार. गाडी स्वतःच चालवतात. टोमॅटो, कांदा, खताची पोती, सिमेंट, लग्नाचं सामान, जे भाडं मिळेल ते. माझी पहिल्या वर्षाची फी भरताना बाबांना कमी पडलेले पैसे याच गाडीच्या भाड्यातून आले होते, म्हणून हे सांगतो आहे.

जुनी गाडी बारा-तेरा वर्षांची झाली. धूर सोडायची, चढाला रडायची, पंधरवड्यातून एकदा काहीतरी मोडायचंच. मामांनी नवीन घ्यायचं ठरवलं आणि मला विचारलं, "भाचे, तू इंजिनिअर होणार ना? मग सांग, काय करू?"

मी दुसऱ्या वर्षाला होतो. छाती फुगली. चार कंपन्यांची माहितीपत्रकं आणली आणि एक मोठा तक्ता केला. इंजिनची ताकद, टॉर्क, किती वजन वाहते, अॅव्हरेज, हौद्याची लांबी, वॉरंटी, किंमत. बेरीज-वजाबाकी करून एका गाडीवर टिकमार्क केला. मामांनी कर्ज काढलं, हार घातला, नारळ फोडला, लिंबू-मिरची बांधली. पहिले काही महिने मामा खूश. "गाडी लोण्यासारखी चालती," म्हणायचे.

आणि मग ऐन टोमॅटोच्या हंगामात, ऑगस्टमध्ये, डॅशबोर्डवर एक दिवा लागला. गाडी ओढेना. गावातल्या मिस्त्रीने बोनेट उघडलं, पाहिलं आणि परत लावलं. "याला स्कॅनर लागतो, आपल्याच्यानं व्हायचं नाही." गाडी टोचन करून नेली. तिथे कळलं की एक सेन्सर बदलावा लागेल आणि तो आला की फोन येईल. फोन चौथ्या दिवशी आला. तोपर्यंत ज्यांचा माल मामा नेत होते त्यांनी दुसरी गाडी लावली होती. टोमॅटो कोणासाठी थांबत नाही. त्यातली दोन गिऱ्हाइकं परत आलीच नाहीत.

मामा मला रागावले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, "तुझ्या तक्त्यात सगळं होतं रे. गाडी किती दिवस उभी राहील, तेवढा एक रकाना नव्हता."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. हा लेख म्हणजे तो राहिलेला रकाना आहे.

आपली पिकअप आणि त्यांची पिकअप

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत टोयोटा टॅकोमा, फोर्ड रेंजर, शेव्हरोले कोलोरॅडो या मध्यम आकाराच्या पिकअप समजल्या जातात. तिथला मालक पुष्कळदा ती घरची गाडी म्हणूनच वापरतो. आठवडाभर ऑफिसला जायचं आणि रविवारी मागे सायकली टाकून डोंगरात फिरायला जायचं. त्याला समाधान विचारलं तर तो सीट, आवाज, टचस्क्रीन याबद्दल बोलेल. आपल्याकडे त्या जातीच्या गाड्या म्हणजे २०१६ मध्ये आलेली इसुझू व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये आलेली टोयोटा हायलक्स. शिर्डीच्या रस्त्याला एखादी दिसते आणि आपण मान वळवून बघतो. ती हौसेची गाडी.

आपली पिकअप वेगळी. टेल्कोने १९८८ मध्ये टाटामोबाईल आणली, पुढे २०७ आली. महिंद्राची बोलेरो पिकअप तर इतकी रुळली की आपल्या भागात कंपनी कुठलीही असो, लोक तिला नुसतं 'पिकअप' म्हणतात. २००५ मध्ये टाटा एस आली. तिचं इंजिन जेमतेम ७०० सीसीचं, दोन सिलिंडरचं, पण गल्लीबोळात शिरणारी. लोकांनी तिचं नाव 'छोटा हत्ती' ठेवलं. २०११ मध्ये अशोक लेलँडची दोस्त, २०१७ मध्ये टाटाची योद्धा, २०२२-२३ मध्ये बोलेरो मॅक्स पिकअप. वजन वाहण्याची ताकद पाऊण टनापासून दोन टनांपर्यंत वाढत गेली. पॉवर स्टिअरिंग आलं, काही मॉडेलना एसी आला, गाडी कुठे आहे ते मोबाईलवर दिसू लागलं.

म्हणजे गाड्या सुधारल्या, यात शंका नाही. मग मालकाचं समाधान त्याच प्रमाणात वाढलं का? हे विचारायला मी पहाटे उठून कोपरगावच्या मार्केट यार्डात, दूध गाड्यांच्या थांब्यावर आणि गॅरेजांसमोर जाऊ लागलो. (हॉस्टेलवर मी पहाटे पाचला आंघोळ करताना दिसलो म्हणून ज्यांनी अफवा उठवल्या, त्यांना हे उत्तर!)

समाधान मोजायचं कसं?

परदेशात याचं एक शास्त्रच आहे. जे. डी. पॉवर नावाची संस्था गाड्यांच्या मालकांना प्रश्नावली देते. नवीन गाडी घेऊन पहिल्या ९० दिवसांत काय काय बिघडलं, तीन वर्षं जुन्या गाडीत काय बिघडलं, असं विचारते आणि '१०० गाड्यांमागे किती तक्रारी' असा आकडा काढते. आकडा जितका लहान तितकी गाडी चांगली. पद्धत सोपी आहे, पण त्यात एक खोच आहे, ती पुढे सांगतो.

दुसरा विचार जपानच्या प्रा. नोरिआकी कानो यांचा. त्यांनी १९८४ मध्ये वस्तूच्या गुणांचे प्रकार पाडले. त्यातले तीन आपल्या कामाचे. काही गुण गृहीतच धरलेले असतात. ते असले तर कोणी कौतुक करत नाही, नसले तर शिव्या मिळतात. काही गुण जितके जास्त तितकं समाधान जास्त. आणि काही गुण अनपेक्षित असतात. नसले तरी तक्रार नाही, पण असले तर माणूस खूश.

हे मेसला लावून बघा. भातात खडा नसणे हा पहिला प्रकार. खडा निघाला नाही म्हणून आपण कधी आचाऱ्याचे आभार मानलेत? भाजीची चव हा दुसरा प्रकार. आणि रविवारची जिलेबी हा तिसरा.

आता पिकअपला लावू. सकाळी एका किल्लीत सुरू होणे आणि माल वेळेवर पोहोचणे हा पहिला प्रकार. अॅव्हरेज, चढावरची ओढ, हौद्याची लांबी हा दुसरा. एसी, चांगली सीट, मोबाईलवरचा नकाशा हा तिसरा. माहितीपत्रक नेहमी दुसऱ्या-तिसऱ्या प्रकाराबद्दल बोलतं, कारण पहिला प्रकार छापून मिरवता येत नाही. "आमची गाडी सहसा उभी राहत नाही, आणि राहिलीच तर संध्याकाळपर्यंत चालू करून देतो," असं कोणी छापत नाही. माझा तक्ता माहितीपत्रकावरून केलेला, म्हणून त्यात तो रकाना आलाच नाही. जिलेबी बघून मेस निवडली आणि भातातले खडे नंतर कळले!

कानो यांचं अजून एक निरीक्षण म्हणजे आजची जिलेबी उद्याचा भात होते. पूर्वी पिकअपला पॉवर स्टिअरिंग असणं ही चैन होती. आज एका चालकाने मला सांगितलं, "आता ते नसलेली गाडी फुकट दिली तरी नको. खांदे निखळतात राव!"

इथे एक गोष्ट लक्षात आली. गाडी स्वतः चालवणारा मालक आणि ड्रायव्हर ठेवणारा मालक यांचं समाधान एकसारखं नसतं. स्वतः चालवणारा सीटबद्दल, क्लचबद्दल, कंबरेबद्दल बोलतो. ड्रायव्हर ठेवणारा डिझेल आणि टायरबद्दल बोलतो. तुम्ही कोणाला विचारलंत यावर उत्तर ठरतं. पण उभ्या गाडीवर मात्र दोघांचं एकमत!

एक छोटंसं गणित

आपण मेकॅनिकलवाले 'रिलायबिलिटी' शिकतो तेव्हा दोन संज्ञा येतात. दोन बिघाडांमध्ये सरासरी किती काळ जातो तो एमटीबीएफ, आणि बिघाड दुरुस्त व्हायला सरासरी किती काळ लागतो तो एमटीटीआर. या दोघांतून 'अव्हेलेबिलिटी' निघते, म्हणजे गाडी कामाला किती वेळ हजर आहे ते.

हजेरी = एमटीबीएफ ÷ (एमटीबीएफ + एमटीटीआर)

परीक्षेत हे सूत्र लिहून मी मार्क मिळवले होते. पण मामांच्या वाक्यानंतर ते मला पहिल्यांदा समजलं. समजुतीसाठी आकडे धरू.

जुनी गाडी दर १५ दिवसांनी बिघडते, पण गावातला मिस्त्री अर्ध्या दिवसात चालू करून देतो. तिची हजेरी १५ ÷ १५.५, म्हणजे सुमारे ९६.८ टक्के. वर्षात ती साधारण १२ दिवस उभी.

नवीन गाडी दर ६० दिवसांनी बिघडते, पण स्कॅनर, सुटा भाग आणि रांग यात ४ दिवस जातात. तिची हजेरी ६० ÷ ६४, म्हणजे ९३.७५ टक्के. वर्षात ती साधारण २३ दिवस उभी.

गंमत बघा. नवीन गाडी चारपट कमी वेळा बिघडली, तरी जवळजवळ दुप्पट दिवस उभी राहिली! मघाशी म्हटलेली खोच हीच. नुसत्या तक्रारी मोजल्या तर नवीन गाडी चारपट चांगली ठरेल. पण मालक तक्रारी मोजत नाही, तो बुडालेले दिवस मोजतो.

आणि दिवस बुडाला तरी हप्ता बुडत नाही. समजा महिन्याचा हप्ता १८,००० रुपये आहे. म्हणजे रोज सकाळी उठल्याबरोबर मालकाच्या डोक्यावर ६०० रुपये चढतात, गाडी हलो वा न हलो. जुन्या गाडीचा हप्ता कधीच फिटलेला असतो. म्हणून तीच गाडी उभी राहिली तर मालक चहा पीत बसतो, आणि नवी उभी राहिली तर त्याला झोप येत नाही. उभं राहणं सारखंच, पण जीवाला लागणारा घोर वेगळा.

आता याच गणितात एक बदल करा. नवीन गाडीची दुरुस्ती ४ ऐवजी १ दिवसात झाली, तर हजेरी ६० ÷ ६१, म्हणजे ९८.४ टक्के. वर्षात फक्त ६ दिवस उभी. म्हणजे दोष 'नव्या तंत्रज्ञाना'चा नाही. तंत्रज्ञान शोरूममध्ये आलं, पण त्याची दुरुस्ती गावात यायला उशीर झाला, दोष त्याचा आहे. जुन्या लोकांचं "पूर्वीच्या गाड्या बऱ्या होत्या" हे म्हणणं म्हणूनच अर्धं खरं आहे. गाड्या बऱ्या नव्हत्या, त्यांचा मिस्त्री जवळ होता!

एकच गाडी, दोन मालक

मला सर्वांत बुचकळ्यात टाकलं ते दोन मालकांनी. दोघांची एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची, जवळपास एकाच वयाची गाडी. एक म्हणतो, "डोळे झाकून घ्या." दुसरा म्हणतो, "चुकूनही घेऊ नका." असं कसं?

उत्तर त्यांच्या रोजच्या रस्त्यात होतं. पहिला रात्री भाजीपाला घेऊन वाशीला जातो. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. आपल्या कोपरगाव तालुक्यातूनच तो जातो. आता हा मालक एकदा वर चढला की थेट भिवंडीजवळ उतरतो. गाडी तासन् तास एका वेगात.

दुसरा दूध गोळा करतो. वस्तीवर थांब, कॅन चढव, दोनशे मीटर पुढे जा, परत थांब. इंजिन धड तापतही नाही.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले. डिझेलच्या धुरातली काजळी अडवायला बऱ्याच गाड्यांत डीपीएफ नावाची जाळी आली. जाळीत काजळी साठते आणि ठराविक प्रमाणात साठली की ती जाळून टाकावी लागते. त्याला साधारण ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापमान लागतं. लांब पल्ल्यावर हे आपोआप होऊन जातं, चालकाला कळतही नाही. पण थांबत-थांबत चालणाऱ्या गाडीत जाळणं सुरू होतं आणि तेवढ्यात कोणीतरी किल्ली बंद करतं. असं चार-पाचदा झालं की जाळी तुंबते, दिवा लागतो, आणि इंजिन वाचवण्यासाठी संगणक ताकद कमी करतो. यालाच आपले लोक "गाडी ओढत नाही" म्हणतात.

दिवा लागल्या लागल्या गाडी बंद न करता, माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर एका वेगात थोडा वेळ पळवली, तर पुष्कळदा काजळी जळून जाते. पण ही गोष्ट दूधवाल्या मालकाला माहीत नव्हती. पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीसकट डॅशबोर्डच्या खणात होती, आणि ती इंग्रजीत होती. त्याने दिवा लागला की गाडी बंद करून थंड केली. जुन्या गाड्यांचा तोच तर नियम होता! म्हणजे वीस वर्षांच्या अनुभवानेच त्याचं नुकसान केलं.

थोडक्यात काय, तर गाडी चांगली की वाईट हा प्रश्न अपुरा आहे. कोणत्या रस्त्याला, कोणत्या मालाला आणि कोणाच्या हातात, हे विचारल्याशिवाय उत्तर नाही.

पासिंग आणि भरती

आता मालकांना न आवडणारा मुद्दा. मालकाच्या असमाधानाचा एक मोठा हिस्सा मालकानेच हौद्यात भरलेला असतो.

प्रत्येक मालगाडीला कागदावर ठरलेलं वजन असतं, त्याला आपण पासिंग म्हणतो. गाडीचं स्वतःचं वजन आणि मालाचं वजन मिळून एकूण वजन होतं. एकूण वजन ३,००० किलोच्या आत असेल तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे वेगळं परमिट लागत नाही. म्हणून कागदावर २,९९० किलो असा विचित्र आकडा दिसला तर नवल वाटू देऊ नका.

पण भरती कागदावर होत नाही, यार्डात होते. टोमॅटोच्या एका जाळीत साधारण २० किलो माल. दीड टन पासिंगच्या गाडीत ७५ जाळ्या बसायला हव्यात. प्रत्यक्षात दीडशे चढतात. कारण साधं आहे. भाडं जाळीमागे मिळतं. समजा जाळीला २० रुपये, तर ७५ जाळ्यांचे १,५०० आणि १५० जाळ्यांचे ३,०००. डिझेल काही दुप्पट लागत नाही. मालकाचं हे गणित चूक नाही, अपुरं आहे. पुढचं गणित आपण करू.

रिकामी गाडी १,७०० किलोची धरा. दीड टन मालासकट ३,२०० किलो, तीन टन मालासकट ४,७०० किलो. वेग तोच ठेवला तर ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा जवळजवळ दीडपट झाली. ब्रेक मात्र तेवढेच.

मागच्या अॅक्सलचं बघा. मालाचा बहुतेक भार मागे पडतो. ८० टक्के मागे धरला आणि रिकाम्या गाडीचे ७५० किलो मागच्या अॅक्सलवर धरले, तर पासिंगप्रमाणे तिथे १,९५० किलो आणि जादा भरतीत ३,१५० किलो. अमेरिकेत १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या रस्त्यांच्या मोठ्या चाचणीतून असा ढोबळ नियम निघाला की रस्त्याचं नुकसान अॅक्सलवरच्या भाराच्या चौथ्या घाताने वाढतं. १.६ पट भार म्हणजे नुकसान सहा-सात पट! नगर-मनमाड रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल आपण सगळेच बोलतो, पण खड्डा पाडण्यात भरतीचाही वाटा असतो. मग तोच खड्डा आपलाच पाटा तोडतो.

पाट्यांची गोष्ट तर आपण फटीगमध्ये शिकलोच आहोत. ताण दुप्पट झाला की आयुष्य निम्मं होत नाही, कित्येक पटींनी घटतं. त्यातून लोक जादा पाटे टाकून घेतात. पाटे वाढले की गाडी बसत नाही, म्हणून मालकाला वाटतं, काम झालं. पण ब्रेक, टायर, बेअरिंग, हाऊसिंग सगळं जुनंच! शिवाय कडक पाट्यांची गाडी रिकामी असताना मागून उड्या मारते. पावसाळ्यात काळ्या रानाच्या रस्त्यावर रिकामी पिकअप जागच्या जागी का फिरते, हे कोणाला प्रश्न पडला असेल, तर उत्तर हेच. ओढणारी चाकं मागची आणि त्यांच्यावर वजनच नाही. म्हणून जुने चालक मागे वाळूची दोन पोती टाकून ठेवतात.

आणि कायदा? २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. एका खेपेला वाचवलेले दीड हजार किती खेपांनंतर परत जातील, ते ज्याने त्याने मोजावं.

मामाही जादा भरायचे. हे लिहिताना मला संकोच वाटतो, पण लपवलं तर सर्वेक्षण खोटं होईल.

शेजाऱ्याची गाडी

समाधानाला अजून एक बाजू आहे, ती इंजिनात नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. कराआधी ८ लाख किंमत असलेली गाडी १०.२४ लाखांवरून ९.४४ लाखांवर आली. ८० हजारांचा फरक! त्या ऑगस्टमध्ये गाडी घेतलेल्या एकाने मला सांगितलं, "गाडी एक नंबर आहे भाऊ, पण शेजाऱ्याची बघितली की पोटात दुखतं."

गाडी तीच, अॅव्हरेज तेच. तरी समाधान घटलं. कारण समाधान म्हणजे जे मिळालं ते नव्हे. जे मिळालं त्यातून जे अपेक्षिलं होतं ते वजा केल्यावर उरतं ते. आपल्याला ६२ टक्के पडले तर आनंद होतो, पण शेजारच्या बेडवाल्याला ७० पडले हे कळेपर्यंतच!

मग गाडी कशी निवडावी?

सगळं ऐकून झाल्यावर मी माझा जुना तक्ता काढला आणि नव्याने रकाने पाडले. कोणाच्या घरी पिकअप घ्यायचं चाललं असेल तर उपयोग होईल.

एक, गाडी बिघडली तर स्कॅनर घेऊन येणारा माणूस किती किलोमीटरवर आहे? दोन, नेहमी लागणारे सुटे भाग जवळच्या गावात मिळतात का, हे शोरूममध्ये न विचारता दुकानात विचारा. तीन, आपला रोजचा रस्ता थांबत-थांबत चालायचा आहे की लांब पल्ल्याचा? रोजचा फेरा लहान असेल तर डिझेलऐवजी सीएनजीचा विचार करावा, अर्थात पंप जवळ असेल तर. चार, आपण खरोखर किती वजन भरणार? जे उत्तर मनात येईल तेवढ्या पासिंगचीच गाडी घ्या. लहान गाडी घेऊन जास्त पाटे टाकू नका. पाच, तेच मॉडेल, तेच काम करणारा आणि दोन पावसाळे पाहिलेला मालक शोधा आणि त्याला एकच प्रश्न विचारा, "वर्षात किती दिवस उभी राहिली?" पहिल्या तीन महिन्यांतल्या मालकाला विचारू नका. तो अजून हारातच असतो.

आणि आपण काय करणार?

मामांची गाडी आता बरी चालते. सुट्टीत मी माहितीपुस्तिकेतल्या सगळ्या दिव्यांचा अर्थ मराठीत एका वहीत लिहून दिला. कुठला दिवा लागला तर थांबायचं, कुठला लागला तर थांबायचंच नाही, कुठला लागला तर फोन करायचा. वही गाडीतच असते. मामांनी त्याच्या झेरॉक्स काढून आणखी दोघा-तिघांना दिल्या. मी आजवर लिहिलेल्या सगळ्या जर्नलपेक्षा या वहीचा उपयोग जास्त झाला, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. भरतीच्या बाबतीत मात्र मामा अजून पूर्ण ऐकत नाहीत. "पहिल्यापेक्षा कमी भरतो," म्हणतात. हेही नसे थोडके.

मित्रांनो, दरवर्षी आपण प्रोजेक्टसाठी विषय शोधत फिरतो आणि शेवटी कुठूनतरी तयार घेऊन येतो. इथे यार्डात उभे राहा, विषय रांगेत उभे आहेत. हौद्यावर वजन किती चढलं हे पाट्याच्या वाकण्यावरून दाखवणारा स्वस्त काटा करता येईल. डॅशबोर्डचा दिवा मराठीत बोलून दाखवणारं यंत्र करता येईल. गावातल्या मिस्त्रीला स्कॅनर वाचायला शिकवणारा दोन दिवसांचा वर्ग आपल्याच वर्कशॉपमध्ये घेता येईल. हा शेवटचा तर स्टाफने मनावर घेतला तर पुढच्याच सुट्टीत होईल. एमटीटीआर कमी करायला दर वेळी मोठा कारखाना लागत नाही. कधी कधी एक शिकलेला मिस्त्री पुरतो.

सरांना मी रिपोर्ट दिला, त्याच्या शेवटी निष्कर्ष एका ओळीत लिहायचा होता. मी मामांचंच वाक्य थोडं सुधारून लिहिलं : मालकाचं समाधान गाडी किती पळते यावर नसतं; ती किती दिवस उभी राहते यावर असतं. सरांनी खाली लाल पेनने लिहिलं, "बरोबर. पण हे आधी विचारायला हवं होतं."

मान्य आहे सर. पुढच्या वेळी तक्त्याचा पहिला रकाना तोच असेल.